खांबेटेबाईंचं पथ्य

खांबेटेबाईंना नमस्कार केला की त्या उलट नमस्कार करायच्या नाहीत. चष्मा नाकावर खाली ओढून समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "भूक लागते का?"

नवा पेशंट गांगरून जायचा. तो शिंकांनी बेजार होऊन आलेला असायचा, नाहीतर अंगावर गांधी उठल्या म्हणून बाही वर करून दाखवायच्या तयारीत असायचा, आणि ह्या बाई त्याच्या भुकेची चौकशी करत असायच्या. "लागते की," असं तो म्हणाला की लगेच पुढचा प्रश्न यायचा, "लागते म्हणून जेवता, की वाजले म्हणून जेवता?" इथे बहुतेकांची विकेट पडायची. मग बाई खूश होऊन पाठ खुर्चीला टेकवायच्या आणि खरी तपासणी सुरू व्हायची.

त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं होते. आयुर्वेदाची पदवी घेतली होती, पण पेशंटला हात लावताना घाम फुटायचा. लालबागहून रोज दादरला यायचे, केसपेपर लिहायचे, पुड्या बांधायचे आणि बाईंच्या शिव्या खायचे. बाईंचा दवाखाना फुलबाजाराजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत दोन बाकडी, आतल्या खोलीत टेबल आणि तपासायची गादी. सुंठ, जिरं आणि ओव्याचा वास त्या भिंतींत इतका मुरला होता की घरी गेल्यावर आई माझी ओढणी हुंगून म्हणायची, "इलंस दवाखानो घेवन."

बाई पाच फुटांच्या आतल्या. खळ केलेली सुती साडी, मनगटात नवऱ्याचं जुनं मोठं घड्याळ. बरोबर साडेअकराला त्या डबा उघडायच्या. बाहेर बाकडी भरलेली असोत, कोणी कितीही मोठा असो, मेतकूट-भात आणि वर तूप, एवढं सावकाश संपवल्याशिवाय पुढचा नंबर नाही. लोअर परळच्या कुठल्याशा कंपनीतला एक साहेब एकदा चिडून म्हणाला, "मॅडम, मला मीटिंग आहे." बाई घास गिळून म्हणाल्या, "तुमचा आजार त्या मीटिंगमधलाच आहे. बसा." तो बसला. पुढे दोन वर्षं येत होता.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: "अंगावर येतं ते पोटातून येतं." शिंका असोत, डोळ्यांची खाज असो, गांधी असोत, बाईंचा हात आधी पोटावर जायचा. दाबून बघायच्या, जीभ बघायच्या, आणि मग सुरू व्हायची उलटतपासणी. दही कधी खाता? फळांवर दूध पिता? कालचं आज गरम करून खाता? आधीचं पचायच्या आत पुढचं खाता? उत्तरं देता देता माणसाला स्वतःचीच लाज वाटू लागायची. शिकरणीवर तर त्यांचा खास दात होता. केळं आणि दूध एकत्र, हे शब्द कानावर पडले की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

आणि गुण यायचा, हे मला सांगितलंच पाहिजे. नाहीतर ही सगळी एका हट्टी बाईची टिंगल होईल आणि ते मला नको आहे. गिरगावातले एक सहस्रबुद्धे होते, बँकेतून निवृत्त झालेले. वीस वर्षं रोज सकाळी उठल्यावर तीस-तीस शिंका. सगळी औषधं करून झालेली. बाईंनी आठ दिवस त्यांना साळीच्या लाह्यांची पेज, मुगाचं कढण आणि सुंठ-जिरं घातलेलं ताजं ताक, एवढ्यावर ठेवलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज रडवेला. "बाई, एक चहा आणि दोन बिस्किटं. एवढंच मागतोय." बाई म्हणाल्या, "जीभ मागतेय. पोटाला विचारून परत फोन करा." त्यांनी परत फोन केला नाही. महिन्याभराने आले ते हसतच. सकाळच्या शिंका दोनावर आल्या होत्या.

तेव्हा बाईंनी आपलं नेहमीचं केलं. सहस्रबुद्ध्यांना बाहेरच्या बाकड्यावर तासभर बसवलं. बरा झालेला पेशंट बाहेर बसून नव्यांना आपली हकीकत सांगणार, असा दवाखान्याचा रिवाजच होता. बाई आतून कान देऊन ऐकायच्या आणि मधेच ओरडायच्या, "ताक सांगितलंत का त्यांना? ताक राहिलं." मला ह्याचा संकोच वाटायचा. एकदा म्हणाले, "बाई, ही जाहिरात झाली." त्या म्हणाल्या, "पथ्य म्हणजे तोंडाला कुलूप. दुसऱ्याने लावून घेतलेलं दिसलं की आपल्याला धीर येतो." त्यात तथ्य होतं, आणि त्यांना ते ऐकायला आवडायचं हेही खरं होतं.

पण बाई वेड्या नव्हत्या. एक आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. शेंगदाण्याचा लाडू चाटला तरी त्याचे ओठ सुजायचे, एकदा घसाही आवळला होता. "थोडं थोडं देऊन सवय होते असं ऐकलंय, तुमच्याकडे काहीतरी असेलच," ती म्हणाली. बाईंनी पोटाला हातसुद्धा लावला नाही. सरळ ॲलर्जीच्या मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी लिहिली, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन शाळेच्या दप्तरात आणि घरी दोन्हीकडे आहे की नाही, हे फोन करकरून विचारत राहिल्या. मला म्हणाल्या, "श्वासाशी गाठ पडली की वैद्याने खुर्ची सोडायची. ऐकलंस ना गौरी? तिथे शहाणपणा नाही."

म्हणून मला पुढचं सांगताना अजून त्रास होतो. ज्या बाईला एवढं कळत होतं, तिला ते कळलं नाही. मलाही कळलं नाही, आणि मला तर कळायला हवं होतं.

यमुना आली तेव्हा मे महिना अर्धा झाला होता. वरळी कोळीवाड्यातली, पंचेचाळिशीची. ठसठशीत कुंकू, केसांत अबोलीची वेणी, आणि पेशंट असूनही आवाज असा की खालच्या फुलवाल्याने वर बघावं. परळच्या मासळी बाजारात तिची जागा होती. घरची होडी, दीर आणि नवरा समुद्रावर जायचे, आणि माल विकायला ही. दोन वर्षांपासून हातांना, मानेला गांधी उठत होत्या. आता शिंका आणि छातीत घरघर सुरू झाली होती. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं, आणि पुन्हा तेच.

"भूक लागते का?" बाईंनी विचारलं.

"कुठली भूक, बाई? पहाटेला धक्क्यावर जायचं, बाजारात बसायचं. दुपारी पाव नि चहा. घरी गेल्यावर जेवायचं ते तिसऱ्या प्रहरी."

बाईंचे डोळे चमकले. त्यांना त्यांचं सगळं सापडलं होतं. अवेळी जेवण, चहा-पाव, वरून आंबट-तिखट कालवण. त्या पथ्याचा कागद लिहायला लागल्या, आणि यमुनाने एकदम त्यांचा हात धरला.

"बाई, मना बरं करा. मी जागेवरनं उठले ना, की सासू माझ्या दीप्तीला बसवंल. मोकळी जागा बाजारात राहत नाय. पोरगी कॉलेज करून ऑफिसात लागलीय, इथंच लोअर परळला. आमच्या घरातली पयली. तिच्या हाताला वास नको लागायला."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. हे सहसा होत नसे. "नारळी पौर्णिमेनंतर होड्या जातील ना समुद्रात?" त्या म्हणाल्या. "तेव्हा तू तुझ्या जागेवर बसलेली असशील आणि तुझी मुलगी तिच्या ऑफिसात. माझा शब्द."

पथ्य कडक होतं. मासे बंद, नुसते तिला नाही तर घरातच बंद, कारण समोर ताट आलं की जीभ ऐकत नाही. आंबट बंद, दही बंद. जुन्या तांदळाचा भात, मुगाचं वरण, पडवळ, दुधी, तूप. हरिद्राखंडाचं चूर्ण सकाळ-संध्याकाळ. गांधी उठल्याच तर आमसुलाचं पाणी अंगाला लावायचं, थोडं प्यायचं, आणि तेवढा वेळ पोट रिकामं ठेवायचं. कोळ्याच्या घरात मासे बंद, हे ऐकून मीच हादरले होते. मी मालवणी घरातली. आमच्याकडे सोमवार पाळतात तेवढाच जड जातो.

यमुनाने ते पाळलं. तिच्या नवऱ्याचं आणि दिराचं जेवण जावेच्या चुलीवर गेलं. गल्लीतल्या बायका तिला भटीण म्हणायला लागल्या. दर गुरुवारी ती यायची आणि वाकून हळूच विचारायची, "बाई, कालवणातला नुसता बटाटा चालंल? मासा नाय, बटाटा." बाई हसून नाही म्हणायच्या. एकदा ती म्हणाली, "काल शेजारी बोंबील तळत होते. मी दार लावलं नि रडले. चाळीस वर्षांत मेलेल्या माणसासाठी अशी रडले नाय." आम्ही दोघी हसलो, आणि ती पण हसली.

तिला गुण यायला लागला. जून सरता सरता गांधी गेल्या. जुलैत शिंका गेल्या. घरघर थांबली. भूक लागायला लागली, खरीखुरी, बारा वाजता पोटात कावळे ओरडायला लावणारी. तोंडावर तेज आलं. सगळ्याला कारण एकच, असं बाई धरून चालल्या, आणि मीही.

होड्या तर जूनच्या पहिल्याच तारखेला किनाऱ्यावर ओढल्या गेल्या होत्या. पावसाळ्यात मासेमारी बंद. बाजारातल्या काही जणी बर्फातला, दुसऱ्या बंदरांवरचा माल विकतात, पण यमुना ते करत नसे. "जो मासा आमच्या होडीतनं नाय उतरला, तो मी हातात नाय घेत," हा तिचा ताठा. म्हणजे दोन महिने तिच्या हाताला मासळी लागलीच नव्हती. घरातही नव्हती, कारण ती बाईंनी बंद केली होती. हे सगळं आमच्यासमोर उघडं पडलेलं होतं, आणि आम्ही दोघी वैद्य तिच्या जिभेचा रंग बघत होतो.

नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात बाईंनी तिला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. त्या दिवशीइतकी मोठ्या आवाजातली हकीकत दवाखान्याने कधी ऐकली नसेल. तिने सगळ्यांना हात दाखवले. "बघा, एक डाग नाय." आत बाई टेबलावर बोटांनी ताल धरून बसल्या होत्या. निघताना यमुनाने विचारलं, "मग बसू ना जागेवर?"

"बस की. खायचं मात्र अजून महिनाभर नाही," बाई म्हणाल्या. "विकायला काय हरकत आहे? विकलेलं काही पोटात जात नाही."

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी दीप्तीचा फोन आला. आई हॉस्पिटलात होती.

काय झालं ते आम्हाला नंतर बाजारातल्या बायकांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्या दिवशी कोळंबी भरपूर आली होती. एका गिऱ्हाइकाला घरच्या कार्यासाठी पाच किलो सोलून हवी होती, म्हणून यमुना सोलायला बसली. पाव तासात हात कोपरापर्यंत लाल झाले. शिंका सुरू झाल्या. तिने काय केलं, तर पिशवीतून आमसुलाच्या पाण्याची बाटली काढली. हाताला लावलं, प्यायली, आणि शेजारणीला म्हणाली, "चहा नको, पोट रिकामं ठेवायला सांगितलंय." बाईंनी सांगितलेलं तिने शब्दन् शब्द केलं आणि वाट बघत बसली. त्यात वेळ गेला. ओठ सुजले, श्वासाला शिट्टी लागली आणि ती फळीवरच आडवी झाली. बायकांनी तिला टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात नेलं. 

बाई आणि मी पोचलो तेव्हा तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. डोळे सुजून बारीक झाले होते. बाई कॉटशी गेल्या, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "भूक लागली का गं?" म्हणाल्या आणि स्वतःच हात मागे घेतला.

तिथे एक तरुण डॉक्टर होती, माझ्याहूनही लहान. ती दीप्तीला विचारत होती, "काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही. सकाळची पेज."

"आई काय काम करते?"

"मासळी विकते."

"आज काय सोलत होती का? कोळंबी, खेकडे?" आणि मग, "पावसाळ्यात बरं वाटतं का त्यांना?"

एवढंच. चार प्रश्न. दीप्ती हो हो म्हणत गेली, आणि डॉक्टर म्हणाली की हातातून, वासातून, उडणाऱ्या पाण्यातूनही हे होतं. तपासण्या करू, पण आता कोळंबीच्या जवळ जायचं नाही. पुढच्या वेळी ह्याहून वाईट होईल. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. डॉक्टरने त्यांना विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" बाई म्हणाल्या, "मी हिची वैद्य." त्या डॉक्टर मुलीने मान डोलावली आणि ती फाइलमध्ये लिहायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यात परत आल्यावर बाईंनी यमुनाचा केसपेपर मागितला. माझ्या अक्षरात पहिल्याच ओळीत नाव, वय, आणि पुढे व्यवसाय, मासळी विक्री. खाली दोन पानं भरून भूक, तहान, झोप, शौच, जीभ. बाईंनी त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"तू लिहिलं होतंस," त्या म्हणाल्या.

"बाई, मी घरी कोळंबी सोलते," मी म्हणाले. "माझी पण बोटं खाजतात. आईची पण. मला एकदाही सुचलं नाही."

"सुचलं असतं तर बोलली असतीस?"

बाईंसमोर कोणी काही बोलत नसे. नऊ वर्षांत मी त्यांना एकदाच टोकलं होतं, ते जाहिरातीबद्दल. त्यांच्या हट्टावर मी प्रेम केलं आणि त्याच्या आडोशाला आरामात राहिले. त्यांचा मला राग आला होता, आणि माझा त्याहून जास्त.

त्यानंतरच्या बाई वेगळ्याच होत्या. बाहेर पेशंटना बसवणं बंद झालं. साडेअकराचा डबा कधी एक वाजता उघडायचा, कधी तसाच परत. नवा माणूस आला की त्या आधी त्याचे हात हातात घेऊन बघायच्या आणि विचारायच्या, "दिवसभर काय करता?" सुतार असला तर लाकडाचं नाव, ब्युटी पार्लरवाली असली तर कुठलं पावडर-पाणी वापरते ते. भुकेचं मग विचारायच्या, आणि विचारताना आवाज खाली गेलेला असायचा.

यमुनाची जागा वाचवायची म्हणून त्यांनी जे केलं ते बघून मला वाईट वाटायचं. हातमोज्यांचा खोका आणि मास्क घेऊन कोळीवाड्यात गेल्या. त्या तरुण डॉक्टरला विचारून आल्या की फक्त बोंबील आणि पापलेट विकलं तर चालेल का. ती म्हणाली, कोळंबी दूर असेल तर कदाचित. यमुना हातमोजे घालून बसली. पण बाजारात कोळंबी दूर कशी असेल? दुसऱ्याच दिवशी शेजारच्या पाटीतलं पाणी उडलं आणि तिचा चेहरा पुन्हा सुजला. ह्या वेळी तिने आमसुलाची वाट बघितली नाही. कोणी टॅक्सी आणायची पण नाही. स्वतःच उठून, मास्क ओढून, मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली, हॉस्पिटलसाठी टॅक्सी थांबवली आणि मग दीप्तीला फोन केला.

मग बाई तिच्या सासूकडे गेल्या. मीही बरोबर होते. म्हातारी उंबऱ्यावर जाळ्याची गाठ सोडवत बसली होती. बाई तिच्यासमोर खालीच बसल्या, पदर सावरून. "सहा महिने जागा दुसऱ्या कुणाला द्या. तोवर काही मार्ग काढू."

"दिलेली जागा परत आली, असं एक तरी दाखवा," म्हातारी म्हणाली. ती रागावली नव्हती. "होडी घरची. माल कोण विकणार? एक सून चूल सांभाळते, दुसरी बाजार. ती गेली तर नात. आमच्यात हेच चालतं, बाई."

आतून यमुना बाहेर आली. तिने बाईंना पाणी दिलं. बाई म्हणाल्या, "यमुना, माझी चूक झाली. मी तुझं पोट बघत बसले."

मला वाटलं ती रडेल, ओरडेल. तिचा तो आवाज एकदा तरी बाईंवर निघायला हवा होता. पण ती म्हणाली, "तुमी काय करणार? तुमच्याकडं कोळी कुठं येतात?" आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली. माहीमला बाईंची मावसबहीण राहायची, तिथून पुढे तिच्याकडे जायचं ठरलं होतं. परतताना बाई तेही विसरल्या आणि टॅक्सीतून दादरलाच उतरल्या.

दीप्तीने दिवाळीनंतर नोकरी सोडली.

बाई दर शुक्रवारी तिला बघायला बाजारात जायला लागल्या. ज्या बाईने जन्मात मासळी बाजाराची पायरी चढली नव्हती, ती साडी घोट्यापर्यंत वर धरून ओल्या फरशीवरून सांभाळत चालायची. दीप्तीसमोर उभी राहायची आणि हात पुढे करायची. दीप्ती पाण्यात बुचकळून हात द्यायची. बाई बोटांच्या बेचक्या, तळवे, मनगटं, कोपर उलटसुलट बघायच्या. मग "ठीक आहे" म्हणून निघायच्या. सुरुवातीला बायका हसायच्या. नंतर एक-दोघींनी आपलेही हात पुढे केले. बाईंनी तेही बघितले.

मी त्यांच्याबरोबर शेवटची गेले ती फेब्रुवारीत. त्यानंतर पंधरा दिवसांनी बाई झोपेतच गेल्या, म्हणून हे शेवटचं. सकाळची वेळ होती, ऑफिसला जाता जाता मासळी घेणाऱ्यांची घाई. दीप्ती फळीवर मांडी घालून बसली होती. गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची निळी नाडी तशीच होती, तिला आता सुट्या पैशांची पिशवी अडकवलेली. समोर कोळंबीचा ढीग. बाईंना बघून तिने न सांगता हात पुढे केला.

बाईंनी चष्मा खाली ओढला. मनगटाच्या आतल्या बाजूला थांबल्या. पदराच्या टोकाने ते मनगट कोरडं केलं आणि पुन्हा बघितलं. मग मला खूण केली. मी वाकले. चार लालसर पुटकुळ्या, मसुराएवढ्या.

"बर्फाचं हाय ते, बाई," दीप्ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आता आईसारखं यायला लागलं होतं. "सगळ्यांनाच होतं."

"शिंका येतात?"

दीप्तीने मोकळ्या हाताने कोळंबीवरचा बर्फ सारखा केला.

"ऊठ इथून," बाई म्हणाल्या. "आज, आत्ता. मी सांगते म्हणून ऊठ."

"मग बसणार कोण?"

दीप्तीचा हात अजून बाईंच्या हातातच होता. त्यांच्याकडे प्रत्येकाला द्यायला काहीतरी असायचं, पेज, ताक, निदान एक ओरडा. त्या दिवशी त्यांनी पदराने ते मनगट पुन्हा एकदा पुसलं, एवढंच.

मागून एक बाई पुढे घुसली. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, कानात फोन. "आजी, तुम्ही घेताय का? नाहीतर जरा सरका ना, मला उशीर होतोय."

बाईंनी दीप्तीचा हात सोडला आणि त्या बाजूला सरकल्या.

"अर्धा किलो दे," ती बाई म्हणाली. "सोलून दे हां."

दीप्तीने आमच्याकडे बघितलं नाही. ढिगातली पहिली कोळंबी उचलली आणि ती सोलायला लागली.